आरशाला दीड महिना रजा



गेल्या महिन्यात आमच्या पुतणीचा मंगल परिणय पार पडला. पंगती उठल्यावर तीन-चार भगिनी आमच्या वहिनींना बाजूला घेऊन काही विचारीत बसल्या होत्या. आम्हांला वाटले, आहेराच्या साड्यांची चौकशी चालली असेल. जवळ गेलो तेव्हा कळले की विषय निराळाच आहे. "खरं सांगा ताई, पापण्यांचं ऑपरेशन केलंत ना? सूज किती दिवस राहिली? कामावर कधी गेलात?" आणि एकीने अगदी हलक्या आवाजात विचारले, "एक डोळा लहान, एक मोठा झाला तर काय करायचं हो?"

हा शेवटचा प्रश्न तीन महिन्यांपूर्वी आमच्याच घरात ठाण मांडून बसला होता. तो घरात आणला तो आम्हीच, हेही आज कबूल करायचे आहे. म्हणून वहिनींची परवानगी घेऊन या आठवड्याच्या सदरात हाच विषय घेतो आहोत. वहिनी म्हणाल्या, "लिहा भाऊजी, पण नाव घालू नका. आणि तुमची चूक लपवू नका."

वहिनींचे वय ५४. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात त्या शिलाई मशीनवर बसतात. गेली काही वर्षे त्यांच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होत होत थेट पापणीच्या केसांवर येऊन टेकली होती. वयाप्रमाणे पुष्कळांना असे होते, काही घराण्यांत जरा लवकर होते. समोरचे नीट दिसावे म्हणून माणूस नकळत भुवया वर ओढून धरतो. दिवसभर भुवया ताणून वहिनींचे कपाळ संध्याकाळी ठणकत असे. रेशनच्या रांगेत कोणी विचारी, "काय गं, रडलीस काय?" कारखान्यात सुपरवायझर म्हणे, "मावशी, झोप आली का?" झोप आलेली नसे. डोळेच तसे दिसत.

प्रथम आम्हांला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर बदलला, फरक पडला नाही. मग सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात दाखविले. डॉक्टरीणबाईंनी बोटाने पापणीची कातडी अलगद वर उचलली आणि विचारले, "आता?" वहिनी मान न हलवता म्हणाल्या, "अगंबाई, वरचा पंखा दिसला!"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवावे. पापणी खाली येण्याचे दोन निराळे प्रकार आहेत. एकात पापणी उचलणारा स्नायू ठीक असतो, पण वरची कातडी सैल होऊन लोंबते. दुसऱ्यात तो स्नायूच कमजोर असतो, त्यामुळे पापणीची कडच खाली उतरून बुबुळावर येते. दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी. पहिल्या प्रकारात जादा कातडी काढतात, दुसऱ्यात स्नायूचे काम करावे लागते. वहिनींचा पहिला प्रकार होता. त्यात नजरेची अडचणही दूर होते आणि चेहराही उघडा दिसतो.

घरी हा विषय निघाला आणि आमच्या दादांचा पारा चढला. "या वयात हे कसले चोचले? मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि आईला नटायचंय!" वहिनी गप्प बसल्या. फक्त म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही, म्हणून करायचं आहे." ते खरेच होते, पण पुरते खरे नव्हते. उरलेले खरे त्यांनी पुढे आठव्या दिवशी सांगितले.

चोचले म्हणणाऱ्यांसाठी इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे त्याचे नाक नव्याने बसविले ते पुण्याजवळच्या एका वीट घडविणाऱ्या जातीतल्या कारागिराने, कपाळाच्या कातडीतून. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली. पापणी दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेला आज वैद्यकात जे नाव आहे, तेही १८१८ साली फॉन ग्रेफे या जर्मन सर्जनने दिले, आणि ते कर्करोगामुळे गेलेली पापणी पुन्हा घडविण्याच्या संदर्भात. म्हणजे चेहरा सुधारण्याची ही विद्या नटनट्यांसाठी निघालेली नाही. गाडीवानाचे नाक आणि रोग्याची पापणी यांतून ती वाढली. चार माणसांत मान वर करून बसता यावे, ही इच्छा श्रीमंताला शोभते आणि शिलाई कामगाराला शोभत नाही, असे कोठे लिहून ठेवले आहे?

असो. दादा शेवटी तयार झाले ते "दिसत नाही" या शब्दावर. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कार्य कधी आहे?" लग्नाला नऊ आठवडे होते. त्या म्हणाल्या, "मग याच आठवड्यात करू. नाहीतर सरळ लग्नानंतर या. कार्याला दोन महिने तरी हातात हवेत." ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा. लग्नाच्या तोंडावर, पंधरा दिवसांत चेहरा नवा करून देतो असे कोणी म्हणाले तर त्याच्या पायऱ्या चढू नयेत.

त्यानंतर कोणती औषधे चालू आहेत ते विचारले. रक्तदाब, साखर, थायरॉइड, डोळे कोरडे पडणे, तंबाखू, विडी, सारे विचारले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिनसुद्धा, घेत असाल तर ते आधी सांगावेच लागते. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर मिळून ते ठरवितात. समोरून व बाजूने फोटो काढून घेतले. त्या वेळी हे फोटो कशाला, असे वाटले. त्यांचा उपयोग पुढे कळला.

वहिनींनी विचारले, "काढताच आहात तर जरा जास्त कातडी काढा ना, म्हणजे पुन्हा लोंबणार नाही." डॉक्टरीणबाई हसल्या. डोळा मिटायलाही कातडी लागते, म्हणाल्या. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या कडेपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी राहिली पाहिजे, असा अंदाज सर्जन धरतात. त्यापेक्षा जास्त काढली तर झोपेत डोळा उघडा राहतो, बुबुळ कोरडे पडते आणि त्यावर जखम होऊ शकते. कमी काढलेली कातडी पुन्हा काढता येते, जास्त काढलेली परत बसविणे कठीण. डोळ्यांखालच्या पिशव्यांचेही वहिनींनी विचारले. ती शस्त्रक्रिया निराळी, आणि तिथे जास्त ओढ बसली तर खालची पापणी बाहेर वळते, असे सांगून त्यांनी तो विषय तिथेच ठेवला. जो डॉक्टर "नको" म्हणू शकतो, त्याच्यावर आमचा विश्वास अधिक बसतो.

पैशाचेही सांगतो. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नजर अडते काय, याची तपासणी करून तसा कागद घ्यावा. वहिनींच्या भिशीचे पैसे ऑपरेशनपेक्षा बुडालेल्या मजुरीलाच अधिक लागले. पीसवर काम करणाऱ्या बाईची रजा म्हणजे उपासच. खर्चाचा आकडा काढताना दोन-तीन आठवड्यांची मजुरी त्यात धरावी, नाहीतर माणूस सातव्या दिवशीच मशीनवर जाऊन बसतो आणि घात करून घेतो.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून झाली. तासाभरात दोन्ही पापण्या झाल्या. चीर पापणीच्या नैसर्गिक घडीतच घेतात, म्हणजे व्रण घडीत लपतो. संध्याकाळी वहिनी घरी आल्या. डोळ्यांत मलम असल्याने सारे धूसर दिसत होते. तसे दिसणारच, असे आधी सांगितले होते, म्हणून कोणी घाबरले नाही.

आता पहिल्या रात्रीविषयी नीट वाचा. हा मजकूर कापून ठेवलात तरी चालेल.

पहिल्या रात्री रोग्याजवळ एक जागे माणूस हवे. थोडे दुखणे, थोडे ओघळ, सूज, जळजळ हे ठरलेले असते. पण एका डोळ्यात अचानक भयंकर दुखू लागले, डोळा पुढे आल्यासारखा ताठ झाला, नजर कमी झाली किंवा अंधारी आली, तर डोळ्याच्या मागे रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. हे फार क्वचित घडते, आणि घडले तर बहुधा पहिल्या २४ तासांत घडते. पण त्या वेळी सकाळची वाट पाहायची नसते. मागचा दाब वाढून नजरेची शीर काही तासांत कायमची निकामी होऊ शकते. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढा आणि जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे, ते शक्य नसेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. दुखणाऱ्या डोळ्यावर पट्टी घट्ट आवळून झोपवू नका. पुढच्या दिवसांत लाली वाढतच गेली, पू आला, ताप आला, तरी त्याच दिवशी दाखवावे.

आमची पुतणी त्या रात्री उशाशी बसली होती. दर थोड्या वेळाने ती आईला एकेक डोळा झाकून विचारी, "माझी बोटं किती?" पहाटे वहिनी वैतागून म्हणाल्या, "दहा आहेत, मीच जन्म दिलाय." त्या उत्तराने सारे निर्धास्त झाले.

पहिले दोन दिवस थंड शेक दिला. स्वच्छ कापड गार पाण्यात पिळून, दहा-पंधरा मिनिटे, मग विश्रांती. बर्फाचा खडा थेट कातडीवर ठेवू नये. पापणी बधिर असते, गारठ्याने भाजले तरी कळत नाही. उशाखाली दोन उश्या, झोप पाठीवर. शेजारच्या मावशी प्रेमाने हळद-तुपाचा लेप घेऊन आल्या होत्या. त्यांना चहा पाजला आणि लेप परत पाठविला. टाक्यांवर डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचे नाही. हळद नाही, एरंडेल नाही, घरी धरलेले काजळही नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो.

तिसरा दिवस. पापणीची कातडी साऱ्या शरीरात पातळ, एक मिलिमीटरही जाड नसते. म्हणून तिथे सूज पटकन भरते आणि दिसतेही फार. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आम्हांला सांगितलेले होते. तरीही वहिनींना पाहताच आमच्या तोंडून निघून गेले, "वहिनी, डावा डोळा जरा लहान वाटतो काय?"

बस्स. एवढेच वाक्य. वहिनी उठल्या, आरशासमोर गेल्या आणि पुष्कळ वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांचे जेवण तुटले. दर अर्ध्या तासाला आरसा. कधी डावा लहान, कधी उजवा फुगलेला. निळे-जांभळे डाग पापणीवरून गालावर उतरले, तेव्हा तर त्यांना वाटले की रोग खाली पसरतो आहे. वास्तविक साकळलेले रक्त खाली उतरते, त्यात भिण्यासारखे काही नसते. पाचव्या दिवशी कोणी भेटायला आले की त्या तोंडावर पदर घेऊ लागल्या. दादांनीही संधी साधली, "मी सांगत होतो." घरात लग्नाच्या याद्या चालल्या होत्या आणि नवरीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका बोलघेवड्या दिराने एवढे करून ठेवले.

सातव्या दिवशी टाके निघाले. वहिनींनी डॉक्टरीणबाईंना रडतच विचारले, "डावा दुरुस्त करून द्या." त्यांनी मग जे केले ते आम्हांला फार आवडले. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीचा तो फोटो काढून समोर ठेवला. वहिनींची डावी भुवई मुळातच उजवीपेक्षा जराशी खाली होती! ५४ वर्षांत कोणाच्या ध्यानात आले नव्हते, खुद्द दादांच्याही नाही. बहुतेक माणसांच्या चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतातच. आपण तो फरक कधी मोजलेला नसतो. शस्त्रक्रियेनंतर माणूस प्रथमच मोजू लागतो, आणि तेही सूज चढलेली असताना. दोन्ही बाजूंची सूज एका वेगाने उतरत नाही. झोपताना मान ज्या अंगाला कलते ती बाजू सकाळी अधिक फुगते. म्हणून पहिल्या दीड महिन्यात जे दिसते त्यावर निकाल देऊ नये, असे त्या म्हणाल्या. फेरशस्त्रक्रियेचा विचारही साधारण सहा महिन्यांच्या आत सहसा करीत नाहीत, कारण ओल्या व्रणावर पुन्हा चीर घेतली तर बिघडण्याचाच संभव जास्त.

मग त्यांनी कॅलेंडर समजावले. ते असे.

पहिला आठवडा सुजेचा. टाके बहुधा पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. दुसऱ्या आठवड्यात निळे डाग हिरवट, मग पिवळट होऊन दहा ते चौदा दिवसांत विरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परक्या माणसाला काही कळत नाही, पण आपल्याला घडी जाड लागते, केसांजवळ बधिरपणा वाटतो, सकाळी पापणी जड होते. सहाव्या आठवड्यापर्यंत बरीचशी सूज गेलेली असते. व्रण दोन-तीन महिने लालसर किंवा गडद राहतो आणि पुढे फिकट होत जातो, त्याला सहा महिने ते वर्षही लागते. आपल्या सावळ्या वर्णाच्या माणसांत व्रणाच्या रेषेवर काही महिने काळसर छटा राहू शकते. ती बहुधा हळूहळू उतरते. तोवर उन्हात जाताना गॉगल किंवा छत्री, आणि बाजारातली गोरे करणारी मलमे अजिबात नकोत. डोळे खुपणे, पाणी येणे, झोपेत पापणी पुरती न मिटणे हेही सुरुवातीस होते. त्यासाठी थेंब आणि रात्रीचे मलम डॉक्टर देतात. ते चुकवू नये.

त्या दिवशी घरी आल्यावर पुतणीने आरसा काढून कपाटात ठेवला. "आई, दीड महिना आरशाला रजा. दर रविवारी सकाळी दहाला खिडकीपाशी मी तुझा फोटो काढीन. तेवढाच बघायचा." तीच जागा, तोच उजेड, तीच वेळ. हा उपाय आम्ही साऱ्या वाचकांना सुचवितो. अर्ध्या तासाने पाहिले तर काही बदललेले दिसत नाही, आठवड्याने पाहिले तर सुधारणा दिसते. तांदूळ शिजतात की नाही हे पाहायला दर मिनिटाला झाकण काढले तर ते शिजायचे कसे?

आठव्या दिवशी आम्ही वहिनींची माफी मागायला गेलो. त्या भाजी निवडीत होत्या. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, दिसत नाही म्हणून केलं हे खरं. पण पोरीच्या सुपारीचा फोटो तुम्ही पाहिलात ना? सगळी हसतायत आणि मी झोपलेय. व्याहीमंडळींनी तो फोटो भिंतीवर लावलाय. लग्नाच्या फोटोत मला जागं दिसायचं होतं. एवढीच हौस. ती सांगायची लाज वाटली."

वाचकहो, आम्हांला पुष्कळ वेळ काही बोलता आले नाही. नजरेची तक्रार उघड सांगता येते आणि दिसण्याची तक्रार लपवावी लागते, असे आपण घराघरांत करून ठेवले आहे. पुरुष केसांना कलप लावतो, त्याला कोणी कारण विचारीत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईने एका फोटोत आपले डोळे उघडे दिसावेत म्हटले, तर तिला आधी आजाराचा दाखला लागतो. शिवाय मनातली गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच नाही, तर आपल्याला नेमके काय हवे हे त्यांनाही कळत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी दोन्ही गोष्टी सांगाव्या: काय दिसत नाही, आणि आपण कसे दिसतो याचे काय वाटते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच सांगण्याजोगी आहे.

हे दादांनीही दाराआडून ऐकले असावे. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आले तेव्हा हंडे भरायला दादा उभे होते. शेजाऱ्यांनी विचारले तर म्हणाले, "डॉक्टरांनी तिला ओझं उचलायला मना केलंय." मनाई खरीच होती. पहिले दोन आठवडे जड उचलणे, खाली वाकणे, कुंथणे यांनी डोक्याकडे दाब चढतो आणि पुन्हा रक्त येऊ शकते. म्हणून हंडा, कपड्यांची बादली, वाकून फरशी पुसणे हे घरातल्या इतरांनी करावे. फोडणीचा ठसका आणि धूर यांपासूनही दूर ठेवावे. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. डोळे चोळू नयेत. काजळ किमान दोन आठवडे नको, आणि पुढे लावायचे तर नवी डबी आणावी. पौर्णिमेला विहारात वहिनी गेल्या, पण पंचांग न टेकता हात जोडून उभ्या राहिल्या. त्यात कोणाला काही उणे वाटले नाही. कारखान्यात त्या तीन आठवड्यांनी गेल्या, कारण जीन्सच्या कपड्याची धूळ डोळ्यांत जाते. तिथेही पहिले काही दिवस साधा चष्मा लावून बसल्या.

भेटायला येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. सुजलेल्या माणसाला "कसं दिसतंय" हे सांगू नका, ते त्याला कळते. दोन डोळ्यांची तुलना करू नका. "पैसे देऊन दुखणं घेतलं" असे म्हणू नका. काम काय आहे ते विचारा आणि करा. एक डबा आणून दिला, एक हंडा भरला, हीच खरी भेट.

तरुण मुलींसाठी मुद्दाम सांगतो. लग्न ठरत नाही किंवा कोणी चिडविले म्हणून चांगल्या डोळ्यांवर सुरी लावून घेण्याची घाई करू नका. वर्षभर थांबा, घरात बोला. आणि करायचेच ठरले तर ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे खास शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ यांच्याकडेच जा. पदवी विचारा, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, अडचण आली तर रात्री कोठे यायचे ते विचारा. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर आपला नव्हे.

याउलट एका बाबतीत मात्र थांबू नका. काही बाळांची पापणी जन्मतःच खाली असते. वडीलधारी म्हणतात, "मोठी झाली की लग्नाच्या वेळी बघू." हे चूक आहे. पापणीने बुबुळ झाकले गेले तर त्या डोळ्याला पाहण्याची सवयच लागत नाही, डोळा आळशी होतो, आणि तो काळ निघून गेला की पापणी उचलूनही नजर पुरती येत नाही. अशा बाळाला ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. तिथे प्रश्न दिसण्याचा नसून पाहण्याचा आहे. मोठ्या माणसाचीही एका बाजूची पापणी अचानक खाली आली, डोके फार दुखू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तो वयाचा परिणाम म्हणून सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता लग्नाचे सांगतो. नवव्या आठवड्यात वहिनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. घडीजवळ बारीकशी गडद रेषा होती, ती सांगितल्याशिवाय कळत नव्हती. डावी घडी उजवीपेक्षा किंचित खाली आहे, अजूनही आहे. सहाव्या महिन्यात दाखवायचे ठरले आहे. आम्ही विचारले, "वहिनी, मग डाव्याचं काय करणार?" त्या म्हणाल्या, "काय करायचं? भुवई जन्माची तशीच आहे. राहू दे तिला."

लग्नाचा फोटो परवा आला. दादा त्यात घामाघूम आहेत, आमचे डोळे नेमके मिटलेले आहेत, आणि नवरीच्या शेजारी वहिनी टक्क जाग्या आहेत. फोटो बघून त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, रात्री झोप झाली नाही काय?"